वयाच्या माथी मारलेले गुडघे

मालवणच्या किनारपट्टीवर गुडघेदुखीचे निदान डॉक्टरकडे जाण्याआधी घरातच झालेले असते. पन्नाशी ओलांडलेली बाई उकिडवी बसून उठताना जमिनीवर हात टेकू लागली, पाखाडी उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवू लागली, की कुणीतरी म्हणतेच, 'वय झाला, गुडघे दुखतलेच.' पुढे कधीतरी एक्स-रे निघतो, 'झीज आहे, वयोमानाने होते' असे सांगितले जाते आणि घरच्या निदानावर दवाखान्याचा शिक्का बसतो. मग तेल, मलम, पट्टा, गोळ्या, आणि अगदीच चालवेनासे झाले की शस्त्रक्रियेची चर्चा. ही बाई गेली तीस-चाळीस वर्षे दिवसातून किती तास कशी बसत होती, काय उचलत होती, कुठल्या वाटेने ये-जा करत होती, हे मात्र कुणी विचारत नाही. वयाबरोबर गुडघेदुखी वाढते, यात वाद नाही. वाद त्यापुढच्या उड्यांशी आहे. वाढत्या वयात होते म्हणजे वयानेच होते, वयाने होते म्हणजे अटळ, आणि अटळ म्हणजे त्याची जबाबदारी कुणावरच नाही, असा हा विचार चालतो, आणि त्याचे पहिले पाऊलच चुकीचे पडलेले आहे. सिंधुदुर्गातल्या गुडघेदुखीचा मोठा हिस्सा कामातून आलेला आहे, त्यातही बायकांच्या कामातून. तो वयाच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होतो.

वयाची बाजू आधी पूर्ण मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात, आणि ज्या पेशींनी त्याची देखभाल करायची त्या मोजक्या आणि विखुरलेल्या असतात. कूर्चेला घट्टपणा देणारे कोलॅजेनचे जाळे वाढीच्या वयात एकदा विणले जाते आणि त्यानंतर जवळजवळ बदलले जात नाही. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बनचा माग काढून डॅनिश संशोधकांनी २०१६ साली हे दाखवून दिले. सत्तरीतली व्यक्ती विशीत विणलेल्या जाळ्यावरच चालत असते. वर्षानुवर्षे रक्तातली साखर त्या जाळ्याला चिकटते, ते कडक होते, ताण पडला की लवकर तडकते. पेशी थकतात, काही तर दुरुस्ती सोडून दाह वाढवणारी द्रव्ये सोडू लागतात. शिवाय पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे घटतात, आणि गुडघ्याचा खरा आधार असलेला मांडीचा पुढचा स्नायू त्याला अपवाद नाही. हे सगळे मान्य केले तरी त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की वयाबरोबर सांध्याची सोसण्याची आणि सावरण्याची ताकद कमी होते. त्याने काय सोसले, किती वर्षे सोसले आणि कुणासाठी सोसले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. एकाच गावातल्या, एकाच वयाच्या दोघींपैकी एक सत्तरीतही चढण सहज चढते आणि दुसरी पंचावन्नाव्या वर्षी काठी धरते. जन्मसाल दोघींचे एकच आहे, तेव्हा हा फरक जन्मसालाने पडलेला असू शकत नाही.

याचा सर्वांत ठोस पुरावा हाडांतून मिळाला आहे. इयान वॉलेस, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अमेरिकेतल्या अडीच हजारांवर मानवी सांगाड्यांच्या गुडघ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात इतिहासपूर्व काळातले शिकारी आणि शेतकरी होते, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शहरवासी होते, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे मृत्यू पावलेलेही होते. कूर्चा पूर्ण गेल्यावर हाडावर हाड घासून जी चकाकी येते, ती त्यांनी शोधली. इतिहासपूर्व लोकांत ती सुमारे ८ टक्के जणांच्या गुडघ्यांवर सापडली, त्यानंतरच्या शहरवासीयांत ६ टक्के, आणि आधुनिक काळातल्या लोकांत १६ टक्के. आजचे लोक जास्त जगतात म्हणून आकडा फुगला असेल, ही शंका कुणालाही येईल. संशोधकांनाही ती आली. त्यांनी वय आणि वजन या दोन्हींचा परिणाम हिशोबातून वजा केला, तरीही आधुनिक गुडघ्यांत हा आजार दुपटीहून थोडा अधिकच उरला. समान वयाच्या दोन माणसांत केवळ काळ वेगळा असल्याने धोका दुप्पट होत असेल, तर त्या वाढीव धोक्याचे कारण म्हणून वयाकडे बोट दाखवता येत नाही. राहणीत काहीतरी बदललेले आहे, आणि राहणी बदलते म्हणजे ती बदलताही येते.

'झीज' ही कल्पना लोकांना पटते, कारण टायर घासतो तसा गुडघा घासतो असे चित्र डोळ्यांसमोर सहज उभे राहते. पण टायर पळवला की झिजतोच. गुडघ्याचे तसे नाही. कूर्चेला रक्त मिळत नसल्याने तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो तो भार पडल्याने आणि सुटल्याने. चालताना पाऊल टेकते तेव्हा कूर्चा दाबली जाते, उचलले जाते तेव्हा ती पुन्हा फुगते. हालचाल बंद पडली की कूर्चा पातळ होते. २०१७ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण ३.५ टक्के आढळले आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत ते १३ टक्क्यांवर होते, म्हणजे अति झाले की तोटाही होतो. नुसत्या वापराने सांधा संपत असता तर बैठ्या लोकांचे गुडघे सर्वांत शाबूत राहायला हवे होते. एक्स-रेचीही गोष्ट अशीच आहे. चित्रात सांध्यातली जागा कमी झालेली दिसते आणि माणूस बिनतक्रार चालतो, तर चित्र साफ असते आणि बाई रात्रभर कण्हते, हे अस्थिरोग तज्ज्ञांना नवीन नाही. वेदना कूर्चेतून येऊच शकत नाही, तिथे मज्जातंतूच नाहीत. ती येते सांध्याच्या सुजलेल्या आतल्या आवरणातून, कूर्चेखालच्या हाडातून, ओढल्या गेलेल्या बंधांतून आणि थकलेल्या स्नायूंतून. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ सालच्या मार्गदर्शनात म्हणूनच सांगितले, की पंचेचाळिशीपुढच्या व्यक्तीला हालचालीने दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल, तर सहसा चित्र काढण्याची गरजच नाही. आपल्याकडे मात्र चित्र हाच निकाल समजला जातो आणि तो ऐकून माणूस चालणेच सोडतो. दुखणे वाढवण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही.

भार पडून सुटणे सांध्याला मानवते, तर मग अपाय कशाने होतो? पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर तासन्‌तास पडून राहिलेल्या भाराने, वजन घेऊन केलेल्या उठबशीने आणि पीळ पडण्याने. मासळी बाजारातली एखादी विक्रेती नीट पाहावी. ती दोन्ही पावलांवर उकिडवी बसलेली असते, विळीचा पाट एका पावलाखाली दाबून धरलेला असतो. सुरमईचे तुकडे करताना सगळे शरीर पुढे झुकते, पिंडऱ्या मांड्यांना चिकटतात, गुडघा त्याला दुमडता येईल तेवढा दुमडलेला राहतो. गिऱ्हाईक आले की त्याच स्थितीत ती अंग वळवून पाटीतले बांगडे पुढे ओढते. पावले जागची हलत नाहीत, पीळ सगळा गुडघ्यात पडतो. दर काही वेळाने उठून पाणी आणायचे, बर्फ आणायचा, पुन्हा बसायचे. त्याआधी पहाटे बंदरावर लिलावात घेतलेली भरलेली पाटी डोक्यावरून वाहून आणलेली असते. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यांत मोजयंत्रे बसवून २०१० साली दाखवले, की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि पायऱ्या उतरताना जवळपास साडेतीन पट भार येतो. डोक्यावरच्या पाटीचे वजन त्यावर वेगळे.

उकिडवे बसण्याचा हा परिणाम अंदाजाचा विषय राहिलेला नाही. चीनमध्ये लठ्ठपणा कमी असल्याने गुडघ्याचा संधिवातही कमी असेल, अशा अपेक्षेने बीजिंगमधल्या वयस्क स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी करण्यात आली. २००१ साली निष्कर्ष आला तो उलटा: बीजिंगच्या स्त्रियांत प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त होते. पंचविशीत दिवसाला किती वेळ उकिडवे बसत होता, हे पुढे त्याच लोकांना विचारले गेले. थोडा वेळ बसणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. रोज काही तास बसणाऱ्यांत तो सुमारे दुप्पट निघाला. फ्रेमिंगहॅममध्येही १९९१ साली, ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणे आणि जड उचलणे दोन्ही होते, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार दुपटीने आढळला होता. जर्मनीने तर २००९ साली गुडघ्याच्या संधिवाताला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले. अट अशी, की कामाच्या आयुष्यात गुडघे टेकून किंवा तशाच ताणाच्या बैठकीत किमान १३,००० तास गेलेले असावेत आणि प्रत्येक पाळीत किमान एक तास. उकिडवे बसणे या ताणात धरले जाते. आता आपल्या विक्रेतीचा हिशोब करू. रोजचे तीन तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ९०० तास होतात. साडेचौदा वर्षांत जर्मन कायद्याची मर्यादा ओलांडली जाते. विसाव्या वर्षी पाटी उचललेली बाई पस्तिशीतच तिथे पोचते. ब्रिटनने २००९ साली खाणकामगारांच्या गुडघ्यांना हाच दर्जा दिला, नंतर गालिचे बसवणाऱ्यांनाही दिला. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार नव्हता, आणि असता तरी स्वतःचा धंदा करणारी मासेविक्रेती त्या कायद्यात बसली नसती. ड्यूसबर्गच्या फरशी कामगाराचा जो आजार कामाचा ठरतो, तोच मालवणच्या बाईला झाला की वयाचा कसा होतो?

किनाऱ्यापासून जरा आत गेले की मासळीची जागा भाताने घेतलेली दिसते, गुडघ्याची गत तीच. जून-जुलैत तरवा काढायचा तो चिखलात उकिडवे बसून किंवा बसक्या पाटावर टेकून. जुड्या बांधून कुणग्यात न्यायच्या. मग पोटरीभर चिखलात कमरेतून वाकून लावणी. इरल्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या खोळीखाली वाकलेली ही बाई मागे मागे सरकत असते. चिखल पाऊल धरून ठेवतो, मांडी वळते आणि पावलाखालची जमीन वळू देत नाही, तेव्हा तो पीळ मधल्या सांध्यावर येतो, त्यातल्या चकतीवर येतो. तरुणपणी चकती किंवा बंध फाटला तर दहा-वीस वर्षांत सुमारे निम्म्या लोकांना संधिवात जडतो, हे खेळाडूंच्या अभ्यासांतून पक्के झाले आहे. खेळाडूची दुखापत नोंदली जाते; कुणग्यात मुरगळलेला गुडघा हळदीच्या लेपाखाली विसरला जातो आणि तीस वर्षांनी वर आला की त्याला वयाचे नाव मिळते. लावणी संपली तरी काम संपत नाही. खळे सारवणे, काजूच्या हंगामात बागेत बसून बिया वेचणे, कारखान्यात दिवसभर बसून गर सोलणे, आणि वाडीपासून रस्त्यापर्यंतच्या पाखाड्या, ज्या रोज उतरून चढाव्या लागतात.

बायकांवर एवढा भर का, असे विचारले जाईल. या जिल्ह्याची लोकसंख्याच त्याचे उत्तर देते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. लोकसंख्या २००१ मधल्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत उतरली होती. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून पुरुष चाकरमानी झाले, मनीऑर्डरी आल्या, आणि घर, गुरे, कुणगे, सासू-सासरे असे सगळे मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर पडले. पुरुषाचे काम हलके होते असे मला म्हणायचे नाही. रापणीचा दोर कमरेला लावून वाळूत मागे रेलत ओढणारा रापणकर आणि चिरेखाणीतला कामगार गुडघ्याची किंमत मोजतातच. पण गुडघ्याचा संधिवात जगभर स्त्रियांत अधिक आढळतो, आणि त्याचे कारण म्हणून लगेच पाळी जाण्याकडे बोट दाखवले जाते. संप्रेरकांचा काही वाटा असेलही. पुरावे एकमुखी नाहीत. पाळी मात्र लावणी करणाऱ्या बाईचीही जाते आणि न करणाऱ्या बाईचीही जाते. कामाचा वाटा मोजल्याशिवाय संप्रेरकांचा वाटा किती, हे सांगताच येणार नाही.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. आमच्या आज्या-पणज्या याहून जास्त राबल्या, जन्मभर जमिनीवर बसल्या, त्यांचे गुडघे कुठे दुखत होते? शिवाय सांगाड्यांचा पुरावाही जुन्या कष्टकरी माणसांच्याच बाजूने जातो, मग कष्टांना दोष का? आक्षेपाचा पहिला भाग आठवणीवर उभा आहे. १९४१ ते ५१ या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा हे खरे, पण बाळंतपणे, हिवताप आणि क्षय यांतून तगून साठी गाठणाऱ्या बायका कमीच होत्या, आणि ज्या होत्या त्यांना गुडघ्याविषयी कुणी विचारलेले नाही. विचारले तेव्हा काय निघाले, ते भिगवणमध्ये दिसले. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. शेकडा अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. खेड्यातला कष्टकरी माणूस सांधेदुखीपासून मुक्त असतो हा समज तिथेच संपायला हवा होता. दुसरा भाग अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. शिकारी आणि जुना शेतकरी खूप चालत होता, तऱ्हतऱ्हेच्या हालचाली करत होता, अंगाने सडपातळ होता. चालणे, चढणे, वाकणे, उठणे अशी कामे आलटून पालटून येत राहिली तर सांध्याला ती पोषकच ठरतात. एकाच दुमडलेल्या बैठकीत सकाळ घालवणे ही वेगळी गोष्ट आहे. बाजारात बसून तीन तास मासे कापणे हे इतिहासपूर्व माणसाचे जीवन नव्हते. म्हणूनच जेवायला पाटावर मांडी घालून बसणे किंवा शौचाला उकिडवे बसणे यांवर माझा रोख नाही; ती मिनिटांची बैठक आहे, आणि बीजिंगच्या अभ्यासानेही तेवढ्याला दोष दिलेला नाही.

जुन्या आणि नव्या काळात आणखी एक फरक पडला, तो वजनाचा. चालणे रिक्षाने आणि दुचाकीने कमी केले, पेजेची जागा बेकरीच्या खाण्याने घेतली, पण उकिडव्या बैठकीची कामे तशीच राहिली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची नुसती बेरीज होत नाही. इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या पाचशेवर रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सडपातळ आणि गुडघे न वाकवता काम करणाऱ्यांच्या तुलनेत, लठ्ठ असून गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम करणाऱ्यांत धोका चौदा पटींच्या पुढे गेला होता. उलट बाजूही आशादायक आहे. फ्रेमिंगहॅममध्ये ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत पाचेक किलोने घटले, त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्याची शक्यता निम्म्याहून खाली आली. वय तर त्यांचेही दहा वर्षांनी वाढलेच होते.

दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असे अनेक भल्या माणसांना वाटते. त्यांची कळकळ खरी आहे, पण कष्ट आणि व्यायाम एकच समजणे ही चूक आहे. उकिडवे बसून काम करताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत थकतो, बळकट होत नाही. बळकट व्हायला त्याला मोजका, हळूहळू वाढवत नेलेला भार आणि मधे विश्रांती लागते: खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, बसून पाय सरळ ताठ धरणे, भिंतीला पाठ लावून थोडे खाली सरकणे. पन्नासहून अधिक चाचण्या एकत्र तपासून २०१५ साली निष्कर्ष काढला गेला, की अशा व्यायामाने गुडघ्याची वेदना कमी होते आणि हालचाल सुधारते. 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनमधला १९९० सालचा प्रयोग आहे. नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या दहा दुबळ्या वृद्धांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जोरदार व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल तर साठीतल्या बाईला 'आता सोसायचे' असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. हा व्यायाम शिकवायला मोठे यंत्र लागत नाही, रुग्णालयही लागत नाही. उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा खुर्च्या मांडून तो करून घेता येतो, फक्त फिजिओथेरपिस्टने आधी आशा सेविकांना तो नीट शिकवला पाहिजे.

शेवटचा आसरा शस्त्रक्रियेचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि नेहमीच्या प्रकारचा, सरासरी १ लाख ५८ हजारांना विकला जाणारा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. हा निर्णय चांगलाच होता. सांधा खरोखर संपलेल्या माणसाला या शस्त्रक्रियेने पुन्हा चालते केले आहे. पण तिच्यावर सगळी मदार ठेवणारे दोन गोष्टी विसरतात. सुमारे पाचातल्या एका रुग्णाचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरही त्रास देण्याइतके राहते. आणि नवा सांधा बसवलेल्या बाईला डॉक्टर सांगतात, उकिडवे बसू नका. म्हणजे ज्या बैठकीवर तिचे पोट आहे ती बैठकच बंद. धंद्याची जागा बदलली नाही तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ती घरी बसते. दुर्बिणीतून सांधा धुऊन काढण्याचे प्रकरण तर २००२ सालीच निकालात निघाले होते. ह्यूस्टनमधल्या १८० रुग्णांपैकी काहींना नुसता वरवर छेद दिला होता, आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्यापेक्षा काहीही जास्त आराम पडला नाही. राहता राहिल्या गोळ्या. महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला आणि जठराला इजा होते, रक्तदाब चढतो. गावोगाव विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी देशभर आहेत; दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीचे गुपित बहुधा तेच असते. अटळ म्हणून सोडून दिलेल्या वेदनेच्या वाटेवरच ही पुडी भेटते.

या साऱ्यातून जे करायचे ते जिल्ह्याच्या आवाक्यातले आहे. ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी भिगवणसारखी एक पाहणी मालवण, वेंगुर्ले आणि देवगडच्या किनाऱ्यावर करावी, आणि वयाच्या रकान्याशेजारी उकिडवे बसण्याचे तास, डोक्यावरचे वजन आणि जुनी इजा असे तीन रकाने आखावेत. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवरही हे तीन प्रश्न छापता येतील. मुख्य बदल मासळी बाजारात हवा. आज ओटे बांधले जातात ते गिऱ्हाइकाला मासे कमरेच्या उंचीवर दिसावेत म्हणून. विकणारी त्या ओट्यावर चढून पुन्हा उकिडवीच बसते. ओट्याला मागच्या बाजूने पाय सोडायला पोकळी ठेवली, बसायला उंच स्टूल दिले, विळीच्या जागी ओट्यावर फळी आणि सुरी ठेवली, आणि पाण्याचा नळ हाताशी आणला, तर तिचा गुडघा काटकोनापलीकडे वाकणार नाही. सवय मोडेल का, विळीइतका वेग सुरीला येईल का, या शंका रास्त आहेत. म्हणून नकाशा करताना बाजारातल्या चार जुन्या विक्रेत्यांना बोलवावे, दोन ओटे नमुन्यादाखल बांधून एक हंगाम वापरून पाहावेत, आणि त्या सांगतील तशी उंची कमी-जास्त करावी. नगर परिषदा बाजाराच्या दुरुस्तीच्या निविदा अधूनमधून काढतच असतात. पुढच्या निविदेत हा ओटा मापासकट लिहिलेला असावा, आणि बंदरापासून बाजारापर्यंत पाट्या ओढून नेण्यासाठी चाकांच्या हातगाड्याही त्याच कागदावर याव्यात.